आबदार सांगत नाही

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांचं नाव आधी लिहून टाकतो. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. लिहायला बसलो की मधेच भलतं आठवतं आणि मुख्य तेवढं राहून जातं. तर, आबदारचाचा. राहणार नगर, झेंडीगेटाच्या अलीकडची बोळ, धाब्याचं घर. त्यांनी मला डोक्यावर छप्पर दिलं. त्याच छपरावर रोज संध्याकाळी माणसं बसवून ते डोक्यावर पडतंय की काय ही धास्तीही त्यांनीच दिली. आणि बायको मिळाली तीही त्यांच्यामुळेच.

आबदार हे त्यांचं नाव नव्हे, काम. भिंगारच्या कॅम्पात गोऱ्या अंमलदारांची मेस होती. तिथं पाणी गार करायचं, बर्फ फोडायचा, बाटल्या कुलपात ठेवायच्या आणि दिवस कलला की साहेब लोकांचे ग्लास भरायचे, हे आबदाराचं काम. चाचांनी उभा जन्म तेच केलं. माणूस पाच वक्त नमाजी. आयुष्यभर दारू ओतली, पण बोटाला लागलेला थेंब फडक्याला पुसला, जिभेला नाही. खरं नाव काय ते कुणी विचारलं तर म्हणायचे, "नाव खुदाकडं नोंदलंय. तुमचं काम आबदारात भागतं ना?"

मी तिकडचा नव्हे. माझं गाव पाटणच्या खोऱ्यात, साताऱ्याच्या पार पलीकडं. तिथून नगर म्हणजे आमच्या लेखी परमुलूख. लढाईचे दिवस होते. नगरला एका मोठ्या शेडमध्ये पलटणीचे खाकी कपडे शिवायचं काम चालायचं, तिथं मी काजं करायचो. दिवसभर नुसती काजं. बटण लावायचं काम दुसऱ्याचं, ते आपल्या हातून व्हायचं नाही. रात्री धर्मशाळेत पडायचो. मी मूळचाच भित्रा. कुत्र्याला भ्यायचो, पोलिसाला भ्यायचो, आणि पोस्टमन दिसला की घरी काही झालं की काय म्हणून त्यालाही भ्यायचो.

एके दुपारी चाचा शेडच्या दारात आले. अंगात मेसचा पांढरा लांब कोट, पितळी बटणं घासून लख्ख केलेली. एक काज तेवढं उसवलेलं. आमच्यातले टवाळ हसायला लागले. कुणी म्हणे, "चाचा, आता कुणाच्या मेजवानीला?" कुणी म्हणे, "लाटसाहेबाचं बोलावणं आलंय." मी भाकरी खायची सोडून काज करून दिलं. चाचांनी कोट उजेडात धरला, काजातून एका डोळ्यानं आरपार माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "काज सरळ आहे. हे करणारा झोपतो कुठं?"

"धर्मशाळेत."

"आजपासून माझ्याकडं."

एवढीच चौकशी. भाडं काय, जात कोण, दाखला कुणाचा, काही नाही. काजातून दिसलो तेवढा मी त्यांना पुरला.

खोली त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला. वर धाबं, म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर थापलेली पांढरी माती. दर उन्हाळ्यात वर नवा थर द्यायचा, जुना कधी काढायचा नाही. त्यामुळं चाचांच्या घराला बापजाद्यांपासूनचे सगळे उन्हाळे डोक्यावर होते. पहिल्याच संध्याकाळी मी जेवायला बसलो आणि ताटात माती भुरभुरली. वर कुणीतरी खुर्ची सरकवली होती. मग हसण्याचा आवाज. मग आणखी माती.

मी धावत बाहेर आलो. "चाचा, वर माणसं आहेत!"

"आहेत," चाचा म्हणाले. "गच्ची चालू झाली."

ही गच्ची म्हणजे त्यांच्या डोक्यात शिरलेलं मुंबईचं भूत. कधीकाळी त्यांच्या साहेबानं त्यांना मुंबईला नेलं होतं. समुद्राच्या काठी मोठं हॉटेल, त्याच्या अगदी माथ्यावर गच्ची, तिथं संध्याकाळी साहेब-मडमा ग्लास घेऊन बसायच्या. समोर ती दगडी कमान, कमानीपुढं समुद्र, समुद्रात बोटी. चाचा ही हकिकत सांगायला लागले की त्यांचा आवाज मशिदीत बोलल्यासारखा खाली यायचा.

"मियाँ, तिथं मला अक्कल आली. साहेब प्यायला बसत नाही. बघायला बसतो. पिणं हा बहाणा."

"समुद्र कसा दिसत होता, चाचा?" मी एकदा विचारलं.

"समुद्र?" ते थोडे गोंधळले. "समुद्राकडं माझी पाठ होती. आबदारानं साहेबाकडं तोंड करून उभं राहायचं, ग्लास कधी रिकामा होतो ते बघायला. मी तोंडं बघितली. गोरी तोंडं, पण अशी पोरासारखी झालेली! तेव्हाच समजलो, माझ्या पाठीमागं काहीतरी मोठं असणार."

मेसमधून सुटल्यावर त्यांनी ठरवलं, नगरच्या माणसांनाही तसं तोंड झालं पाहिजे. समुद्र नव्हता. पण त्यांच्या धाब्यावरून पूर्वेला किल्ला दिसायचा, आणि किल्ल्याच्या पार पलीकडं डोंगरावर चांदबिबीचा महाल. नगरच्या माणसाला तो महाल म्हणजे घरचा उंबरा. रोज आहेच, बघतो कोण? चाचांनी मेसमधल्या टाकून दिलेल्या वेताच्या चार खुर्च्या आणल्या, दोन पालथे डबे मांडले आणि सगळ्यांची तोंडं पूर्वेला केली. पश्चिमेला म्हशींचा गोठा होता. तिकडं तोंड करून बसायची मनाई होती.

बसलं की लगेच ग्लास मिळायचा नाही. "आधी नजर, मग घोट," हा त्यांचा कायदा. मावळतीचं ऊन महालावर पडून तो तांबूस होईपर्यंत गप बघत राहायचं. कुणी मधेच कोथिंबिरीचा भाव काढला की चाचा ट्रे घेऊन उलटे फिरायचे.

त्या वर्षांत किल्ल्यात मोठमोठे पुढारी कोंडून ठेवलेले होते. त्यामुळं किल्ल्याकडं नुसतं बघणंही गुन्ह्यात बसतं की काय, असं मला वाटायचं. आणि झालंही तसंच. एके दिवशी एक जमादार दांडकं आपटत आला. चाचांनी त्याला वर नेऊन खुर्चीवर बसवला. तो महाल तांबडा होईपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणाला, "कुनी किल्ल्याकडं बघत तर न्हाई ना, ह्यावर नजर ठेवाया रोज यावं लागंल." आणि रोज येऊन तो सगळ्यांच्या आधी किल्ल्यासमोरची खुर्ची धरायचा.

माझी धास्ती मात्र धाब्याची होती. मी चाचांना रोज म्हणायचो, "एवढी माणसं वर, आणि खाली मी." शेवटी त्यांनी माझ्यासाठी तोड काढली. त्यांच्या मयत भावाचं धान्याचं दुकान होतं, त्याचा मोठा तराजू जिन्याखाली पडलेला होता. चाचांनी तो टांगला आणि गिऱ्हाईक तोलून वर सोडायला सुरुवात केली. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात मापं.

"गच्ची पंधरा मण," ते जाहीर करायचे. "पाऊस पडून गेला तर चौदा."

वर पंधरा मण भरले की बाकीचे बोळात थांबायचे, एखादा जाड माणूस खाली येईल या आशेवर. खाली येणारा बारीक आणि वर जाणारा जाड असला की भांडण. धास्तीनं मी उपाशी झोपायचो त्या दिवसांत चाचा मला म्हणायचे, "खात जा, मियाँ. तू खाली असतोस, तुझं वजन धरत नाही."

"पण तुळई टिकेल ना?"

"सागाची आहे. तू पडशील, ती पडणार नाही."

तरीही मी अंथरूण दाराच्या चौकटीखाली घालायचो. गावाकडं ऐकलं होतं, घर पडलं तरी चौकट उभी राहते.

आता ग्लासात काय असायचं ते. एक बाटली होती, विलायती, वर साहेबाच्या तोंडाचं लेबल. तिच्यातलं तांबूस पाणी बोटभर ओतायचं, वर गोटीची बाटली फट्ट करून फोडून सोडा. बोटभर म्हणजे छोटा, दोन बोटं म्हणजे बडा. ओतताना डावा हात पाठीशी, खांद्यावर टॉवेल. गिऱ्हाइकानं विचारलं, "चाचा, हे काय आहे?" तर चाचा छातीवर हात ठेवून म्हणायचे, "हुजूर, आबदार ओततो. सांगत नाही." मेसमध्ये मडमा त्यांना खोदून विचारायच्या, साहेबानं आज काय घेतलं, किती घेतलं. चाचांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मते हे त्यांच्या धंद्यातलं इमान होतं.

मला माहीत होतं. मी मागच्या खोलीत राहायचो, आणि दुपारी चुलीवर गूळ जाळल्याचा वास कुणाकुणापासून लपवणार? जाळलेला गूळ, आल्याचा रस, काळं मीठ, थोडा सब्जा. बस. त्यात चढण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि तरी चढायची! हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. चाचा प्रत्येकाला पलटणीतला हुद्दा देऊन बोलायचे. गल्लीतले रिटायर मास्तर म्हणजे "मेजरसाहेब". घरी त्यांना कुणी पाणी विचारत नसे. छोटा पोटात गेला की ते उठून म्हणायचे, "मी कुणाला भीत नाही!" गोठ्यातला दूधवाला म्हणजे "कर्नलसाहेब". तो दुसऱ्या बड्याला आपल्या मेलेल्या म्हशीच्या आठवणीनं रडायचा. जिना उतरताना सगळे भिंत धरून उतरायचे. मी नुसता "लफ्टन". चाचा म्हणायचे, हिंमत दाखवशील तेव्हा बढती.

दूधवाल्याची बायको एकदा तणतणत आली. सगळ्यांसमोर नवऱ्याचं तोंड उघडून तिनं वास घेतला. परत घेतला. मग आमच्याकडं वळून म्हणाली, "आल्याचा वास येतोय. मंग ह्यो डुलतोय कशानं?"

सगळे पूर्वेकडं बघायला लागले. त्यांना खरंच माहीत नव्हतं की माहीत करून घ्यायचं नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

माझ्या शेजारच्या मशीनवर सोपाना बसायचा. कर्जतकडचा. त्याच्या चुलत्याची मुलगी लग्नाची होती, आणि सोयरिकीला सगळं जुळण्यासारखं होतं. मी सोपानाबरोबर एकदा त्यांच्या गावच्या जत्रेला गेलो होतो, तेव्हा तिला बघितलंही होतं. विहिरीवर ती एका आडदांड बैलाला "ए, सरक तिकडं" म्हणाली आणि बैल सरकला. मी त्या बैलाला दुरूनच भिऊन उभा होतो. तेव्हाच मनात आलं, ही बाई घरात असली तर मला कशाला भ्यावं लागणार नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

अडचण तिच्या वडलांची. आप्पा. गावच्या दारूबंदीचे म्होरके. भट्ट्या फोडायचे, पिणाऱ्याला चावडीवर उभं करायचे. आणि परमुलखातला, मागं-पुढं कुणी नसलेला मुलगा; त्यांना आधीच शंका. त्यात कुणीतरी त्यांच्या कानी घातलं, पोरगा नगरला दारूच्या गुत्त्याखाली राहतो.

सोपाना म्हणाला, "आप्पा सोमवारी येनार हायेत, बघाया. गच्ची बंद ठिव म्हनावं म्हाताऱ्याला. न्हाईतर गेली पोरगी."

मी चाचांच्या पाया पडलो. त्यांनी पुष्कळ विचार केला. "मेस बंद ठेवायची? साहेबाचा घोडा मेला तेव्हाही मेस चालू होती." पण शेवटी म्हणाले, "सोमवारी बंद. तुझ्याखातर."

आप्पा रविवारीच आले. त्यांना रंगेहात धरायचं होतं.

ऐन सांजेची वेळ. वर पंधरा मण भरलेले, बोळात चारदोन माणसं ताटकळत. आणि बोळाच्या तोंडाशी आप्पा. माणूस केवढा! फेटा धरून दाराला लागेल असा उंच आणि उंचीला शोभेल असा रुंद. मी चौकटीखाली सरकलो.

"हितंच ऱ्हातोस व्हय रं?"

"व्हय आप्पा. पण ते वरचं म्हणजे..."

"गप. आरोपी बोलत न्हाई."

ते जिन्याकडं निघाले. चाचांनी आडवा हात केला. "हुजूर, आधी तराजू."

"मला तोलतोस? मी काय गुळाची ढेप हाय?"

"गच्चीचा कायदा आहे. लाटसाहेब आले तरी तोलूनच."

कायदा म्हटल्यावर आप्पा नरमले. ते स्वतः कायद्याचे माणूस. पारड्यात बसले. चाचा मापं टाकत गेले, टाकत गेले. घरातली मापं संपली. मग पाटा टाकला, वरवंटा टाकला, तेव्हा कुठं पारडं हललं. चाचांनी जिन्याखालून आरोळी दिली, "वरचे सगळे खाली या! जनरलसाहेब आले!"

सगळी गच्ची रिकामी झाली. मास्तर, दूधवाला, जमादार, सगळे बोळात उभे. आप्पा एकटे वर गेले. मागून चाचा, आणि मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, एक पाय खाली ठेवून. तुळई करकरली ती मला पायातून कळली.

"आधी नजर," चाचा म्हणाले.

"कशावर?"

"समोर."

आप्पांनी त्या महालाखालून गाडी कितीदा तरी नेली असेल. पण असं बसून, हातात कासरा नसताना, त्यांनी तो कधी बघितला नसावा. महाल तांबडा झाला तसे ते जरा गप झाले. मग भानावर येऊन म्हणाले, "लई झालं बघून. त्या बाटलीत काय हाय?"

"आबदार ओततो, हुजूर. सांगत नाही."

"आप्पा, तो गूळ..." मी म्हणालो.

दोघांनीही माझ्याकडं असं बघितलं की पुढचा शब्द मी गिळला.

"आसं व्हय?" आप्पा म्हणाले. "मंग मला बी त्येच वत. बडा. पुरावा पाहिजे. सोता चाखल्याबिगर मी कुनावर आळ घेत न्हाई."

चाचांनी ओतलं. डावा हात पाठीशी. सोडा फट्ट झाला. आप्पांनी डोळे मिटून, एखादं कडू औषध घ्यावं तसा तो ग्लास घेतला. तोंड पुसलं.

"कडक हाय," ते म्हणाले. "छातीत जाळ झाला." आलं होतं ते. "पन येका पेल्यानं पुरावा पक्का व्हत न्हाई. आनखी वत."

दुसऱ्याला त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. तिसऱ्याला ते महालाशी बोलायला लागले.

"माझी पोरगी बी आशीच हाय बरं का," ते चाचांना म्हणाले. "लांबनं येवढीशी दिसती. पन वाऱ्यात येकटी हुबी ऱ्हाती." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोन बघतंय तिच्याकडं? सारी म्हनत्यात, आप्पाची पोरगी लई फटकळ. आरं, बघा तर खरं बसून!"

"हा बघतो," चाचा माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले.

आप्पा वळले. खुर्ची करकरली, तुळई करकरली. "तू बघतूस?"

मी खाली सटकायला बघितलं. पण मागं फिरावं तर पायरीवर चाचांनी ठेवलेला ट्रे. "बघतो, आप्पा. तिनं बैलाला सरक म्हटलं, तेव्हापासून बघतो."

"बैल सरकला?"

"सरकला."

आप्पा उठले, कठड्यापाशी गेले आणि खाली बोळात उभ्या असलेल्या सगळ्या पंधरा मणांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "दिली! पोरगी दिली! ऐकताय का रं? आप्पानं पोरगी दिली!"

खालून जमादारानं सलाम ठोकला.

मग त्यांना जिना उतरवेना. पाय ठरत नाहीत म्हणाले. चौघांनी धरून खाली आणले आणि माझ्या अंथरुणावर झोपवले. मी त्यांच्या उशाशी बसून तुळईकडं बघत राहिलो. पहिल्यांदाच ती पडायची भीती वाटली नाही. आता पडायला काही कारणच उरलं नव्हतं.

सकाळी आप्पा डोकं धरून उठले. म्हणजे त्यांचं डोकं खरोखर दुखत होतं. रात्रीची बातमी विचारायला मास्तर, दूधवाला, जमादार दारात जमलेले. आप्पांनी फेटा बांधला आणि म्हणाले, "रात्री बोललो ते मी न्हाई बोललो. दारू बोलली. नशेतला शबूद, शबूद न्हाई. सोयरीक मोडली. आन् ह्या गुत्त्याची खबर मी वर देनार."

मी पुढं सरसावलो. "आप्पा, दारू नव्हती हो ती! गूळ होता!"

"आरोपी आसंच म्हननार." ते बाकीच्यांकडं वळले. "तुमी सांगा. काय आसतं बाटलीत?"

मास्तर जमिनीकडं बघायला लागले. दूधवाला गोठ्याकडं. जमादार म्हणाला, "आबदार सांगत न्हाई, साहेब."

चाचा चहा घेऊन आले. अंगात कोट, सगळी बटणं लावलेली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. तोंडं बघायची त्यांना सवयच होती. मग चहा ठेवला आणि आतून शेगडी, कढई, गूळ, आलं असं एकेक आणून मधोमध मांडलं.

मास्तरांना कळलं. ते पुढं झाले आणि हळूच म्हणाले, "चाचा, राहू द्या. सांगू नका. आमचं काय होणार?"

"मेजरसाहेब," चाचा म्हणाले, "माफी असावी."

गूळ जळायला लागला. तो करपट गोड वास खोलीत भरला. चाचांनी आलं ठेचून पिळलं, मीठ टाकलं, सब्जा टाकला, आणि सगळं त्या विलायती बाटलीत ओतून ती आप्पांच्या पुढं धरली. "उभ्या जन्मात पहिल्यांदा सांगतो, हुजूर. हे असतं."

आप्पांनी घोट घेतला. चेहरा पडला. "म्हंजे... रात्री मी शुद्धीत हुतो?"

"पूर्ण."

"आन् ते रडनं? ते वरडनं?"

"ते सगळं आपलं स्वतःचं, हुजूर." चाचा अदबीनं म्हणाले. "आता आपण सांगाल ते खरं. दारू होती म्हणालात, तर मी कर्जतला येऊन चावडीवर तसं सांगतो. आप्पांनी पुराव्यासाठी तीन बडे घेतले आणि चौघांनी उतरवले. सोडा होता म्हणालात, तर शब्द शुद्धीतला."

आप्पा विचार करत बसले. कढईतला गूळ थंड होऊन कढईला चिकटला, तेव्हा ते बोलले.

"सोडाच हुता," ते म्हणाले. "मला पयल्या घोटालाच कळलं हुतं. पोरगा घाबरून पळतो का ऱ्हातो, तेवढं बघत हुतो." आणि माझ्याकडं वळून, "बैल खरंच सरकला हुता?"

लग्न झालं. चाचा कोट घालून वऱ्हाडात आले, आणि माझ्या बाजूनं कुणी वडीलधारं नाही म्हटल्यावर तेच पुढं बसले. आप्पांना म्हणाले, "हा माझा कप्तान." लफ्टनचा मी कप्तान झालो तो असा.

पण गच्ची गेली. गुपित फुटलं त्याच संध्याकाळी सगळे आले होते. तोलून वर गेले, नजर टाकली, ग्लास घेतले. मास्तरांनी छोटा संपवला आणि आम्ही वाट बघत राहिलो. ते "मी कुणाला भीत नाही" म्हणाले नाहीत. म्हणाले, "आलं जरा जास्त झालंय." दूधवाल्याला म्हैस आठवली नाही. सगळे भिंत न धरता, सरळ पायांनी जिना उतरले. असं वाईट उतरणं मी कधी पाहिलं नव्हतं. मग हळूहळू कुणी येईनासं झालं. जमादार तेवढा काही दिवस आला, पण एकट्यानं किल्ल्यावर नजर ठेवायला त्याला करमेना. पुढं त्या खुर्च्यांवर माझ्या बायकोनं कुरडया वाळत घातल्या. चाचांनी तक्रार केली नाही. नुसतं म्हणाले, "ह्यांचीही तोंडं पूर्वेला कर, बेटी."

आता मी मुंबईत आहे. घरापासून आणखी लांब. पण बायको बरोबर आहे, त्यामुळं भीती निम्मी. आमच्या दुकानाकडं एका मोठ्या हॉटेलातल्या वेटरांचे कोट शिवायला येतात. मापं घ्यायला मला वर गच्चीवर नेलं होतं. चाचा, तुम्ही सांगितलंत तसंच आहे सगळं. खुर्च्या, खाली ती दगडी कमान, कमानीपुढं बोटी. आणि वेटर अजूनही समुद्राकडं पाठ करूनच उभे असतात. इथंही आता दारूबंदी येणार म्हणतात. म्हणजे त्या गच्चीवरही सोडाच मिळायचा. साहेबांना तुमच्यापर्यंत यायला उशीरच झाला म्हणायचा.

कोटाला चांगलं काज करून दिलं की तिथला मोठा वेटर माझं ऐकतो. मी त्याला बोलून ठेवलंय. एक दिवस तुम्हाला घेऊन येणार. तुम्ही बसायचं, मी उभा राहणार. तुमचं तोंड समुद्राकडं, माझं तुमच्याकडं. आधी नजर, मग घोट. डावा हात पाठीशी ठेवून मी ओतीन. ग्लासात काय आहे ते मात्र विचारू नका, चाचा. मी सांगणार नाही.